खान्देशच्या हमरस्त्यावरील वाहनविद्या आणि मुक्त संगणक प्रणाली

धुळे शहरापाशी तीन मोठे रस्ते एकमेकांना मिळतात. मुंबईहून नाशिक, मालेगाव करीत आग्र्याकडे जाणारा रस्ता बराच काळ राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३ म्हणून ओळखला जाई. सुरतेहून नवापूर, साक्रीमार्गे येऊन पारोळा, एरंडोल, जळगाव, भुसावळवरून नागपूरकडे निघणारा रस्ता क्रमांक ६ चा होता. आणि सोलापूरहून बीड, आजचे छत्रपती संभाजीनगर, चाळीसगाव या वाटेने येणारा रस्ता क्रमांक २११ चा होता. २०१० नंतरच्या नव्या क्रमवारीत याच रस्त्यांच्या तुकड्यांना ६०, ५२ आणि ५३ हे आकडे मिळाले, तरी धुळेकरांच्या बोलण्यात ‘आग्रा रोड’ कायम राहिला. अंगावरून सतत माल वाहत जाणाऱ्या या प्रदेशात वाहन हाकणे, भरणे, सोडवणे आणि दुरुस्त करणे यांवर अनेक पिढ्यांची उपजीविका चालली आहे.

या वाहतुकीचा इतिहास सहसा रस्ते, रूळ, माल आणि भाडे यांच्या अंगाने सांगितला जातो. त्याची दुसरी बाजू तुलनेने दुर्लक्षित राहिली आहे, आणि ती अशी की, वाहन ज्याच्या हाती आहे त्याला ते उघडून पाहता येते का, त्याची रचना समजून घेता येते का, आणि वाटेत ते बंद पडले तर जवळच्या गावातल्या कारागिराला ते चालू करता येते का. बैलगाडीच्या काळात हा प्रश्नच उद्भवत नव्हता, ट्रकच्या काळात त्याचे उत्तर मेहनतीने का होईना पण होकारार्थी राहिले, आणि वाहनात संगणक शिरल्यावर ते अनिश्चित झाले. नेमक्या याच वळणावर मुक्त स्रोताच्या संगणक प्रणाली, म्हणजे ज्यांची मूळ आज्ञावली कोणालाही वाचता, बदलता आणि वाटता येते अशा प्रणाली, वाहनांत आल्या. म्हणून खान्देशातील वाहनविद्या आणि मुक्त प्रणाली यांचा इतिहास एकत्र वाचल्याशिवाय दोन्हींचा अर्थ नीट उलगडत नाही.

१८१८ मध्ये पेशवाई संपून खान्देश कंपनी सरकारकडे गेला आणि कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने धुळे हे कारभाराचे ठिकाण केले, तेव्हा या मुलखातील मालवाहतूक मुख्यत्वे लमाणांच्या तांड्यांवर अवलंबून होती. पाठीवर गोण्या लादलेल्या बैलांचे हे तांडे घाट उतरून किनाऱ्यावरचे मीठ आणीत आणि परतीच्या वाटेवर धान्य नेत. चाकाला वाट नसलेल्या डोंगराळ भागात दुसरे साधनही नव्हते. रस्ते बांधले जाऊ लागले तशी गाडीची वाहतूक वाढली. माणसांसाठी दमणी, हलक्या ओझ्यासाठी छकडा आणि कापसाच्या बोंद्र्यांसाठी जड गाडी असे तिचे प्रकार होते. चाकाचे आरे, मधला तुंबा, लाकडी किंवा लोखंडी आख, चाकावर तापवून बसवलेली लोखंडी धाव आणि वर जू, एवढ्यात सगळी गाडी आली. तिचा प्रत्येक भाग डोळ्यांना दिसणारा होता आणि तो घडवणारे सुतार व लोहार बलुतेदारीमुळे प्रत्येक मोठ्या गावात होते. शिरपूरला मोडलेले चाक सोनगीरच्या लोहाराला अपरिचित नसे, कारण गाडी कशी बांधायची हे ज्ञान कोणा एकाच्या मालकीचे नव्हते. या ज्ञानाला मर्यादा होत्या, कारण ते जातीच्या चौकटीत अडकलेले होते आणि बापाकडून मुलाकडेच जात होते, हेही नोंदवले पाहिजे. परंतु गाडीवानाला गाडीच्या आतल्या रचनेपासून कोणी दूर ठेवलेले नव्हते.

१८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकेच्या यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला, हिंदुस्थानी कापसाची मागणी एकदम वाढली, आणि त्याच दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा लोहमार्ग खान्देशातून पुढे सरकत गेला. कसारा घाटाचे काम १८६५ मध्ये पूर्ण झाले, १८६७ मध्ये रूळ नागपूरला पोचले आणि १८७० मध्ये जबलपूरकडून आलेली जोडणी पूर्ण होऊन भुसावळ हे मोठे जंक्शन बनले. जळगावची कापसाची बाजारपेठ या रुळाने वाढवली. धुळ्याला मात्र चाळीसगावहून फाटा येण्यासाठी १९०० साल उजाडावे लागले, आणि त्यामुळे ते शहर रस्त्याचे शहर म्हणून घडत राहिले. १९०६ मध्ये खान्देशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, पूर्वेचे ठाणे जळगाव आणि पश्चिमेचे धुळे, तेव्हा या प्रशासकीय विभागणीमागे वाहतुकीचे हे दोन वेगळे स्वभाव आधीच तयार होते.

रेल्वेने वाहनविद्येत एक मूलभूत बदल केला. इंजिन आणि वाघिणी यांची रचना, दुरुस्तीची पद्धत आणि सुटे भाग हे सर्व कंपनीच्या कारखान्यात राहिले, आणि भुसावळच्या कारखान्यात काम करणारा फिटर कितीही कुशल असला तरी त्याचे कौशल्य कंपनीच्या भिंतीच्या आत वापरायचे होते. तांड्यांचा धंदा रेल्वेने बुडवला. यंत्राचे ज्ञान आणि यंत्राची मालकी एकाच ठिकाणी एकवटणे म्हणजे काय, याचा खान्देशला आलेला हा पहिला अनुभव होता.

मोटारीने हे चित्र पुन्हा बदलले, आणि या लेखाच्या दृष्टीने हा टप्पा सर्वांत समृद्ध आहे. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली बस धावली आणि पुढे धुळे व जळगाव हे एसटीचे विभाग झाले. १९५४ पासून टाटा कंपनी जर्मनीच्या डेमलर-बेंझच्या सहकार्याने जमशेदपूरला ट्रक बनवू लागली. हा ट्रक भारतात बहुतेक वेळा नुसत्या सांगाड्याच्या रूपात, म्हणजे चेसिस म्हणून विकला जाई. त्यावरची केबिन आणि बॉडी गिऱ्हाईक आपल्या गरजेप्रमाणे स्थानिक कारागिराकडून बांधून घेई. म्हणजे वाहन अर्धे कारखान्यात आणि अर्धे गावात तयार होत होते, आणि गावातल्या अर्ध्यात काय असावे हे ठरवण्याचा अधिकार ट्रकमालकाकडे होता.

डिझेल इंजिनाला ठराविक क्षणी ठराविक दाबाने इंधन पुरवणारा पंप आणि इंधनाचा फवारा करणारे नोझल हे त्या ट्रकचे सर्वांत नाजूक भाग. ते पूर्णपणे यांत्रिक होते. नोझल बनवणारा मायको या कंपनीचा कारखाना शेजारच्या नाशिकलाच होता, आणि पंप खोलून, पुसून, मोजून पुन्हा बसवणारे ‘पंपवाले’ हमरस्त्यावरच्या प्रत्येक मोठ्या गावी दुकान थाटून बसले. कमानीचे पाटे बदलणारा, वायरिंग करणारा, गिअरबॉक्स उतरवणारा असे धंद्याचे पोटभाग पडले. क्लीनर म्हणून ट्रकवर चढलेला पोरगा चालक होई आणि गॅरेजात पाने देणारा पोरगा मिस्त्री होई. या विद्येचे ना पुस्तक होते ना प्रमाणपत्र, तरी ती जातीची कुंपणे ओलांडून पसरली, आणि बलुतेदारीतल्या ज्ञानापेक्षा ती या अर्थाने अधिक खुली होती. पुढे आयटीआयमधील मेकॅनिकच्या अभ्यासक्रमांनी तिला औपचारिक रूप दिले. शेतीच्या खालोखाल खान्देशातील तरुणांना हाताला काम देणाऱ्या विद्यांत हिची गणना करायला हवी, आणि जिल्ह्याच्या इतिहासलेखनात सूतगिरण्यांना जेवढी जागा मिळाली त्याच्या दशांशही या गॅरेजांना मिळालेली नाही, ही उणीव मोठी आहे.

पुढचा बदल वरून दिसला नाही. प्रदूषणाचे निकष कडक होत गेले; भारत स्टेज चारचे मानक १ एप्रिल २०१७ पासून आणि सहाचे १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झाले, आणि हे निकष यांत्रिक पंपाने पाळणे कठीण झाल्यामुळे इंधनाची मात्रा व वेळ ठरवण्याचे काम ईसीयूकडे, म्हणजे इंजिनावर देखरेख करणाऱ्या छोट्या संगणकाकडे गेले. ब्रेक, धुराची प्रक्रिया, दिवे, मीटर यांचेही असे वेगवेगळे नियंत्रक बसले. त्या सर्वांना एकमेकांशी बोलता यावे म्हणून जर्मनीच्या बॉश कंपनीने १९८६ मध्ये मांडलेली ‘कॅन’ ही पद्धत सार्वत्रिक झाली. तिच्यात दोन तारांच्या एकाच जोडीवरून सर्व नियंत्रक आपापले छोटे संदेश पाठवतात आणि ज्याला जो हवा तो संदेश उचलतो. याचा परिणाम असा झाला की, ट्रक का थांबला हे इंजिनाच्या आवाजावरून ओळखणाऱ्या मिस्त्रीला आता गाडीला स्कॅनर लावून दोषाचा क्रमांक वाचावा लागतो, आणि तो स्कॅनर त्या कंपनीच्या नियंत्रकाशी बोलू शकला नाही तर मिस्त्रीचा अनुभव तिथेच संपतो. विद्या तीच राहिली, पण तिच्या दाराला कुलूप लागले.

कुलपाविना चालणाऱ्या संगणकविद्येची चळवळ याच्या बरीच आधी, पूर्णपणे वेगळ्या कारणांनी सुरू झाली होती. संगणकाचे सुटे भाग आणि त्यावर चालणारे कार्यक्रम यांच्यामध्ये राहून स्मृती, वेळ आणि जोडलेली साधने यांची वाटणी करणारी जी मूलभूत आज्ञावली असते तिला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात, आणि तिच्या गाभ्याला कर्नल. अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जीएनयू या मुक्त प्रणालीची घोषणा केली आणि १९८९ मध्ये जीपीएल हा परवाना लिहिला. त्याची अट अशी की, या परवान्याखालील आज्ञावली जो कोणी यंत्रात घालून पुढे देईल त्याने घेणाऱ्याला तिची मूळ प्रतही उपलब्ध करून दिली पाहिजे. १९९१ मध्ये हेलसिंकी येथील विद्यार्थी लिनस टॉरवाल्ड्स यांनी लिनक्स हा कर्नल जाहीर केला आणि पुढच्याच वर्षी तो जीपीएलखाली आणला. मूळ साधन सर्वांपुढे ठेवावे म्हणजे दुसऱ्याला ते तपासता येते व त्यावर पुढचे काम उभारता येते, हे तत्त्व खान्देशाला अनोळखी नव्हते. मराठ्यांच्या इतिहासाची मूळ कागदपत्रे १८९८ पासून खंडामागून खंड छापून सर्वांसाठी खुली करणारे इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे अखेरचे दिवस धुळ्यात गेले, १९२६ च्या अखेरीस तिथेच त्यांचा मृत्यू झाला, आणि त्यांच्या संग्रहासाठी पुढच्या वर्षी धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले. निष्कर्षाबरोबर अस्सल कागदही वाचकाच्या हाती द्यायचा हा त्यांचा आग्रह आणि मूळ आज्ञावली देण्याची जीपीएलची अट यांची प्रेरणा एकाच जातीची आहे.

लिनक्स मोटारीत शिरला तो तत्त्वापेक्षा खर्चाच्या दबावाने. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मोटारीच्या पुढच्या पडद्यावर गाणी, नकाशे आणि दूरध्वनी आले. त्यासाठी लागणारी प्रणाली कंपन्या एकतर क्यूएनएक्ससारख्या बंद उत्पादनाच्या रूपाने विकत घेत किंवा मायक्रोसॉफ्टकडून घेत. २००७ मध्ये आलेली फोर्डची सिंक ही व्यवस्था मायक्रोसॉफ्टच्या प्रणालीवर होती. प्रत्येक कंपनी प्रत्येक नव्या मॉडेलसाठी तेच काम पुन्हा पैसे देऊन करून घेत होती आणि मोबाइलच्या वेगापुढे मागे पडत होती. म्हणून २००९ मध्ये बीएमडब्ल्यू, जनरल मोटर्स, पीएसए या वाहन कंपन्या आणि इंटेल, विंड रिव्हर आदी तंत्रज्ञान कंपन्यांनी मिळून जेनिव्ही ही आघाडी काढली, आणि २०१२ मध्ये लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली ऑटोमोटिव्ह ग्रेड लिनक्स हा प्रकल्प सुरू झाला. टोयोटा, होंडा, माझदा, सुझुकी अशा एरवी बाजारात एकमेकांशी झुंजणाऱ्या जपानी कंपन्या या दुसऱ्या प्रकल्पात एकत्र आल्या, कारण पडद्याखालच्या ज्या थरात गिऱ्हाइकाला काहीच फरक दिसत नाही तो एकदाच, सर्वांनी मिळून लिहावा आणि स्पर्धा वरच्या थरात करावी, हा हिशेब सर्वांना पटला. या प्रकल्पाची प्रणाली अमेरिकेच्या बाजारात प्रथम आली ती टोयोटाच्या २०१८ च्या कॅम्री गाडीत. गूगलने २०१७ मध्ये मोटारींसाठी जाहीर केलेली अँड्रॉइडची आवृत्तीही लिनक्स कर्नलवरच उभी आहे, आणि टेस्लाच्या गाड्याही लिनक्सवर चालतात. टेस्लाने त्याची काही मूळ आज्ञावली २०१८ मध्ये, मुक्त स्रोताच्या पुरस्कर्त्यांनी अनेक वर्षे पाठपुरावा केल्यानंतर, प्रसिद्ध केली.

मिस्त्रीच्या दृष्टीने याहून मोलाची घटना पडद्यापासून दूर घडली. फोक्सवॅगनच्या संशोधन विभागाने कॅन तारांवरचे संदेश लिनक्सवर वाचण्या-लिहिण्याची ‘सॉकेटकॅन’ ही व्यवस्था मुक्त परवान्याखाली दिली आणि २००८ मध्ये ती मुख्य कर्नलमध्ये सामील झाली. त्यामुळे जुना लॅपटॉप आणि स्वस्त जोडणी एवढ्या भांडवलावर गाडीतले संदेश ऐकता येऊ लागले. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यासाठी ही प्रयोगशाळा फुकट होती. जळगावात १९९० मध्ये उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, जे २०१८ पासून कवयित्री बहिणाबाई चौधरी यांच्या नावाने ओळखले जाते, आणि १९९६ मध्ये शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आले. धुळे, शिरपूर, फैजपूर येथेही अभियांत्रिकीचे शिक्षण उपलब्ध झाले. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने लिनक्स आणि इतर मुक्त साधनांचे पाठ मराठीतूनही तयार केले, जे इंग्रजीचा धसका घेतलेल्या ग्रामीण विद्यार्थ्याला फार उपयोगाचे ठरले. महागड्या परवान्यांची प्रणाली ज्या महाविद्यालयाला परवडत नाही तिथे मुक्त प्रणाली हीच शिकण्याची एकमेव खरी वाट असते, ही गोष्ट शिक्षणाच्या धोरणात अजून पुरेशी उमटलेली नाही.

या शिक्षणाला बाजारपेठ मिळाली ती मात्र पुण्यात. १९९० मध्ये रवी पंडित आणि किशोर पाटील यांनी सहकाऱ्यांसह पुण्यात स्थापन केलेली केपीआयटी ही कंपनी पुढे मुख्यत्वे वाहनांच्या आज्ञावलींकडे वळली, आणि १९६६ पासून पुण्यात असलेली एआरएआय ही संस्था देशातील वाहनांची मानके ठरवण्यात व चाचण्या घेण्यात अग्रभागी राहिली. खान्देशातून शिकून निघालेला संगणक अभियंता हिंजवडीला जाऊन जगभरच्या गाड्यांसाठी आज्ञावली लिहू लागला; त्याच्या गावाजवळच्या गॅरेजाला मात्र ती आज्ञावली दिसत नव्हती. विद्या आणि धंदा यांची ही फारकत या इतिहासातील सर्वांत बोचणारी गोष्ट आहे.

वाहन ‘जोडलेले’ झाले, म्हणजे आपली जागा व अवस्था दूरच्या संगणकाला आपणहून कळवू लागले, ते खान्देशात मोटारींच्या आधी मालट्रकांत आणि बसमध्ये. अमेरिकेने २००० सालच्या मे महिन्यात जीपीएसच्या संकेतांतील मुद्दाम ठेवलेली अशुद्धता काढून टाकल्यावर काही मीटरपर्यंत अचूक जागा सांगणारी स्वस्त उपकरणे बाजारात आली. केबिनमध्ये बसणारे असे उपकरण उपग्रहांचे संकेत घेऊन आपली जागा काढते आणि मोबाइलच्या जाळ्यातून ठराविक सेकंदांनी एक छोटा संदेश पाठवते. रावेर, सावदा, यावल पट्ट्यातून उत्तरेकडे निघणाऱ्या केळीच्या व्यापाऱ्याला याचे मोल लगेच कळले, कारण काढलेली केळी थांबत नाही, आणि बिजासन घाटात किंवा पुढे कुठे गाडी अडकली तर दिल्लीच्या आडत्याला वेळेवर कळवणे म्हणजे मालाचा भाव वाचवणे. पूर्वी हेच काम वाटेतल्या ढाब्यावरच्या दूरध्वनीवर अवलंबून होते.

सरकारनेही या जोडणीला आकार दिला. २०१२ मध्ये दिल्लीत धावत्या बसमध्ये झालेल्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर सार्वजनिक वाहनांतील सुरक्षिततेचा प्रश्न पुढे आला; एआरएआयने प्रसिद्ध केलेल्या एआयएस-१४० या मानकाने ठिकाण कळवणारे उपकरण आणि संकटकाळी दाबायचे बटण यांची रचना ठरवली, आणि १ जानेवारी २०१९ पासून नोंदल्या जाणाऱ्या नव्या सार्वजनिक प्रवासी वाहनांना ती लागू झाली. तीनचाकी रिक्षा यातून वगळल्या होत्या. भारताच्या स्वतःच्या नाविक या उपग्रहमालेचे संकेत घेण्याची क्षमताही या मानकात आली. धुळ्याच्या एमएच-१८ किंवा जळगावच्या एमएच-१९ क्रमांकाने रस्त्यावर येणारी नवी प्रवासी बस आता अशा उपकरणासह येते. १ एप्रिल २०१८ पासून आंतरराज्य मालासाठी ई-वे बिल आणि फेब्रुवारी २०२१ पासून टोलनाक्यावर फास्टॅग सक्तीचे झाले, त्यामुळे वाहनाच्या प्रवासाची नोंद आणखी दोन ठिकाणी होऊ लागली. वाहन कंपन्यांनीही स्वतःच्या व्यवस्था आणल्या. महिंद्राची डिजिसेन्स २०१६ मध्ये आणि टाटा मोटर्सची फ्लीट एज २०२० मध्ये आली, आणि ट्रकमालकाला घरबसल्या डिझेलचा खप, वेग आणि थांबे दिसू लागले.

या सर्व जाळ्याच्या तळाशी मुक्त प्रणाली आहेत, हे वापरणाऱ्याला बहुधा ठाऊक नसते. संदेश गोळा करणारे दूरचे संगणक बहुतांशी लिनक्सवर चालतात. केबिनमधल्या उपकरणाच्या चिमुकल्या नियंत्रकावर फ्रीआरटीओएस किंवा झेफिर यांसारख्या छोट्या मुक्त प्रणाली वापरता येतात. वाहने नकाशावर दाखवणारी ट्रॅकार ही मुक्त आज्ञावली आणि २००४ मध्ये इंग्लंडमध्ये सुरू झालेला, स्वयंसेवकांनी घडवलेला ओपनस्ट्रीटमॅप हा नकाशा कोणालाही विनामूल्य घेता येतो. याचा व्यावहारिक अर्थ असा की, पाचपन्नास गाड्यांचा ट्रान्सपोर्टवाला मोठ्या कंपनीला दरमहा भाडे न देता स्थानिक अभियंत्याकडून स्वतःची व्यवस्था उभारून घेऊ शकतो आणि आपल्या गाड्यांची नोंद आपल्याच संगणकावर ठेवू शकतो. शिवारातला जो रस्ता मोठ्या कंपनीच्या नकाशात चुकीचा आहे तो गावातलाच मुलगा ओपनस्ट्रीटमॅपवर दुरुस्त करू शकतो, आणि ती दुरुस्ती सर्वांना मिळते. केळीच्या बागांपर्यंतच्या कच्च्या वाटा कोणत्याही परदेशी कंपनीच्या अग्रक्रमात नसतात, म्हणून या गोष्टीला खान्देशात विशेष किंमत आहे.

असे असूनही मोटारीपुरते पाहिले तर हे दार अर्धेच उघडले आहे. आजच्या बहुतेक मोटारींच्या पडद्यावर सेटिंगमध्ये खोल गेल्यास मुक्त परवान्यांचा लांबलचक मजकूर सापडतो. जीपीएलने लादलेले ते कर्तव्य असते. पण लिनक्स ज्या परवान्याखाली आहे त्या जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीचा वाहन उद्योगाने लावलेला अर्थ असा की, मूळ आज्ञावली दिली की जबाबदारी संपली, आणि बदललेली आज्ञावली त्याच यंत्रात बसलीच पाहिजे असे नाही. त्यामुळे निर्मात्याची डिजिटल सही असलेलीच आज्ञावली स्वीकारणारी यंत्रे बनली. २००७ मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीने ग्राहकोपयोगी वस्तूंच्या बाबतीत ही पळवाट बंद केली, म्हणून लिनक्सने ती स्वीकारली नाही तेव्हा उद्योगाला हायसे वाटले आणि त्याने तिसऱ्या आवृत्तीचे घटक गाडीपासून शक्यतो दूर ठेवले. उद्योगाच्या बाजूने सुरक्षिततेचा युक्तिवाद आहे, आणि तो पोकळ नाही. २०१५ मध्ये अमेरिकेतील चार्ली मिलर आणि ख्रिस वालासेक या दोन संशोधकांनी जीप चेरोकी गाडीच्या करमणुकीच्या यंत्रणेतून शिरून धावत्या गाडीचे नियंत्रण दुरून घेऊन दाखवले आणि निर्मात्याला चौदा लाख गाड्यांची दुरुस्ती हाती घ्यावी लागली. परंतु ती गाडी बंद क्यूएनएक्स प्रणालीवर होती. कुलूप असणे म्हणजे सुरक्षित असणे नव्हे, आणि दोष शोधला तो बाहेरच्या माणसांनी, हे त्या प्रकरणातून निष्पन्न होते. ब्रेक आणि स्टिअरिंगसारख्या जिवाशी निगडित भागांसाठी लिनक्स पुरेसा खात्रीचा आहे हे सिद्ध करण्याचे काम २०१९ पासून लिनक्स फाउंडेशनचा एलिसा प्रकल्प करतो आहे, आणि ते अवघड आहे.

भारतात या कुलपाचा प्रश्न कायद्यापुढे आला तो आज्ञावलीच्या नावाने नव्हे, सुट्या भागांच्या आणि तपासणीच्या साधनांच्या नावाने. एका ग्राहकाच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने चौकशी केली आणि २५ ऑगस्ट २०१४ च्या आदेशाने १४ मोटार उत्पादकांना एकूण सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. अस्सल सुटे भाग, दुरुस्तीच्या पुस्तिका आणि दोषनिदानाची साधने स्वतंत्र गॅरेजांना न देणे हा बाजारातील वर्चस्वाचा गैरवापर आहे, असे आयोगाने ठरवले. कंपन्यांनी या आदेशाला आव्हान दिले आणि प्रकरण वरच्या पायऱ्यांवर गेले. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी समिती नेमली. शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि वाहने ही तिची चार क्षेत्रे होती, आणि त्यांपैकी पहिले व शेवटचे खान्देशाच्या रोजच्या जगण्याशी थेट जोडलेली आहेत. त्याच वर्षाच्या अखेरीस सुरू झालेल्या सरकारी संकेतस्थळावर कंपन्या आपल्या उत्पादनांच्या दुरुस्तीची माहिती देऊ लागल्या.

नियंत्रकाची बंद आज्ञावली, कॅन तारेवरचे सांकेतिक संदेश आणि ते वाचणारा स्कॅनर यांपैकी एकटा स्कॅनर स्वस्त झाला आहे. संदेशांचा अर्थ अजूनही निर्मात्याकडे आहे. ज्या देशात ट्रकची निम्मी घडण गावात होत होती, तिथे हे अर्थ प्रसिद्ध करण्याची अट मानकांत घालणे अशक्य नाही, कारण एआयएस-१४० मध्ये उपकरणाने कोणता संदेश कोणत्या क्रमाने पाठवायचा हे जाहीर दस्तऐवजात लिहूनच दिलेले आहे आणि म्हणूनच वेगवेगळ्या निर्मात्यांची उपकरणे एकाच सरकारी व्यवस्थेशी बोलू शकतात. जे ठिकाणाच्या संदेशाबाबत केले गेले तेच इंजिनाच्या दोषसंदेशाबाबत करण्यास तांत्रिक अडचण नाही. तसे झाले तर लिनक्स, सॉकेटकॅन आणि मराठीतून लिहिलेली निदानाची आज्ञावली ही सामग्री पारोळ्याच्या किंवा मुक्ताईनगरच्या गॅरेजात आजच्या साधनांनिशी उभी राहू शकते, आणि ती लिहिणारे हात खान्देशातल्याच महाविद्यालयांतून दरवर्षी बाहेर पडत आहेत.